मोडायला आलेला संसार सावरायचा कसा: नोटीस येण्याआधी आणि आल्यावरही

बैठकीला सतरा माणसं होती. मुलाचे दोन चुलते, मुलीचे तीन मामा, लग्न जमवलेले मध्यस्थ, गल्लीतले एक माजी नगरसेवक, आणि कशासाठी आले होते ते शेवटपर्यंत न कळलेले दोघं. साखर पेठेतल्या जुन्या घराच्या माडीवर सतरंजी अंथरली होती. चहा तीन वेळा फिरला. साडेतीन तासांत नवऱ्याला बोलायला मिळालं एकदा. बायको आत, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. लग्नातला मानपान निघाला, कमी वजनाची अंगठी निघाली, बारशाला कोण आलं नाही तेही निघालं. दोघांचं मूळ भांडण एवढंच होतं की तो रात्रपाळीहून आला की तिच्याशी धड बोलत नाही. ते कुणी काढलंच नाही. जिना उतरताना एका मामांनी वकिलाचं नाव घेतलं.

मी सोलापुरात जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते. हे दोघं माझ्याकडे आले ते त्या बैठकीनंतर दीड महिन्याने. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत, पण त्यांची गोष्ट या लेखात अधूनमधून येईल, कारण अशी जोडपी मी फार पाहिली. भांडण दोघांचं असतं तोवर मिटायला वाव असतो. त्यात माणसं वाढत गेली की मूळ विषय हरवतो आणि उरते फक्त बाजू. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी एकच काम करायला सांगणार आहे: माणसं कमी करत करत विषय परत दोघांवर आणायचा.

सगळ्यात आधी: जीव सुरक्षित आहे का?

मारहाण होत असेल, जाळून टाकीन, मुलं घेऊन जाईन अशा धमक्या असतील, घरात कोंडून ठेवलं जात असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. अशा घरात ‘संवाद वाढवा’ हा सल्ला धोक्याचा आहे. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो, त्यासाठी घटस्फोटाचा दावा लावावा लागत नाही. ‘एखादी चापट काय, सगळ्यांच्यात होतं’ हे वाक्य मी सासवांच्या तोंडून ऐकलंय तसं आयांच्याही तोंडून ऐकलंय. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी हात थांबू दे, मग संसाराचं बघू.

दारूचं तसंच. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची शपथ घेऊन सोडलेली दारू मी पाहिली आहे, आणि त्यांचीच गड्ड्याची जत्रा उठायच्या आत परत धरलेलीही. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात. आधी डॉक्टर, बोलणी त्यानंतर. दोघांपैकी कुणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असं बोलायला लागलं असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, तोही आजच.

पहिले पंधरा दिवस: काय करायचं नाही

बॅग भरून माहेरी जायचं नाही, असं मी म्हणत नाही. कधीकधी चार दिवस लांब राहिल्याने डोकं शांत होतं. पण जाताना परतीचा वार सांगून जा. ‘रविवारी येते’ एवढं वाक्य पुरतं. ते नसलं की काय होतं? पंचमीला गेलेली लेक दिवाळी आली तरी माहेरीच. इकडे सासर म्हणतं, ‘गेली तशी येईल.’ तिकडे माहेर म्हणतं, ‘न्यायला येऊ दे त्यांना.’ दोघांच्या मनात कुठेही घटस्फोट नसतो, नुसता मान अडलेला असतो. चार दिवसांचे चार महिने होतात, मग कुणीतरी शहाणा वकिलाचं पत्र पाठवायला सांगतो.

नवरे मंडळींना माझं सांगणं असतं की न्यायला जा. एकटे जा. चुलत्याला, मित्राला, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा सोबत नेऊ नका. मघाच्या गोष्टीतला हा गडी मोहोळला सासरी एसटीने गेला. सासऱ्यांनी दारातच विचारलं, ‘एकटेच आलाय?’ तो म्हणाला, ‘भांडण एकट्यानंच केलतं की.’ सासरे हसले नाहीत, पण आत घेतलं. त्या दिवशी बायको लगेच त्याच्यासोबत आली नाही. आली तिसऱ्या दिवशी, भावाच्या गाडीवर. तोही जय-पराजयाचा विषय करायचा नसतो, हे त्याला बजावून सांगावं लागलं.

बाकी गोष्टी झटपट. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सूचक सुविचार टाकू नका, ज्याला समजायला हवं त्याला सोडून सगळ्या गावाला समजतात. नवरा-बायकोचा फोन स्पीकरवर टाकून आईला ऐकवू नका. भांडणाचं रेकॉर्डिंग जमवत बसू नका. पुरावा गोळा करणारा माणूस समोरच्याचं ऐकत नाही, तो समोरचा कुठे चुकतो याची वाट बघतो. मारहाण किंवा धमक्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे पुरावा जपून ठेवा.

दोघांनी वेगवेगळा एकेक कागद लिहा

वहीचं एक पान. त्यावर तीन तक्रारी, जास्त नाही. अट एकच: तक्रारीत वार आणि प्रसंग हवा. ‘मला किंमत देत नाहीत’ हे चालणार नाही. ‘परवा मंगळवारी पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकावर हसले’ हे चालेल. पहिल्या वाक्यावर माणूस काही करूच शकत नाही, दुसऱ्यावर करू शकतो.

आपल्या जोडप्याच्या कागदांवर काय होतं ते सांगते. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालू ठेवायची जबाबदारी त्याच्यावर. रात्रपाळी सुटून सकाळी साडेसातला घरी. तिने लिहिलं होतं: ‘मी पाचला उठून भाकरी करते. हे ताट बघत पण नाहीत, मोबाईल बघत जेवतात, झोपतात. मला दिवसभर बोलायला कोणी नाही.’ त्याने लिहिलं होतं: ‘आल्या आल्या घरातलं सुरू होतं. रात्रभर मागांची खटखट कानात असते. अर्धा तास तरी ती थांबू दे.’

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. दोघंही बराच वेळ वाचत राहिले. तिला यंत्रमागाच्या शेडमध्ये काय आवाज असतो याची कल्पना नव्हती, लग्नाला सहा वर्षं झाली तरी. त्याला ती पाचला उठते हेच माहीत नव्हतं, कारण त्या वेळी तो घरी नसायचा. तोडगा त्यांनीच काढला: आल्यावर अर्धा तास कुणी काही बोलायचं नाही, मग मोबाईल कपाटात आणि दोघांनी एकत्र जेवायचं, घरातलं काय असेल ते तेव्हा. सतरा माणसांना साडेतीन तासांत जे जमलं नाही ते दोन पानांवर होतं.

लिहून झालं की तक्रारींचे दोन ढीग करा, सुटणाऱ्या आणि राहणाऱ्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षानुसार जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत, सुखाने नांदणाऱ्यांचेही नाहीत. तो बोलघेवडा, ती अबोल. तिला शिस्त, त्याला पसारा. सासू सोबतच राहणार. हे मिटवायला जाऊ नका, त्यात जगायची रीत ठरवा. अर्धी भांडणं तर न सुटणारी गोष्ट सुटली पाहिजे या हट्टापायी चाललेली असतात.

बोलायचं कुठे, कधी, कसं

पुस्तकी सल्ला असतो की शांत खोलीत बसून बोला. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या घरात शांत खोली आणायची कुठून? सासू-सासरे, दोन मुलं, एखादी नणंद, आणि पुढच्या खोलीत टीव्ही. म्हणून मी जोडप्यांना बाहेर काढते. विजापूर रोडचा कंबर तलाव, सिद्धेश्वर मंदिराभोवतीचा तलाव, नाहीतर गाडीवर जरा गावाबाहेर. चालत चालत बोललं की नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि गड्यांना अवघड गोष्टी तशाच बोलता येतात असा माझा अनुभव आहे. चार माणसांत असल्याने आवाजही चढत नाही.

वेळ पाऊण तास. विषय एक, कागदावरचा. उपाशी पोटी नको, रात्री दहानंतर नको. आधी एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकून आपल्या शब्दांत परत सांगायचं: ‘म्हणजे मी पाहुण्यांसमोर हसलो ते तुला लागलं, असंच ना?’ हे ऐकायला बालिश वाटतं. करून बघा, पहिल्यांदा निम्म्या लोकांना जमत नाही. ते ऐकतच नसतात, मनात उत्तर जुळवत असतात.

गॉटमन यांनी संसार पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या आहेत. आपल्या भाषेत त्यांना टोचून दोष देणं, हिणवणं, उलटून बचाव करणं आणि अबोला म्हणता येईल. चारांत सगळ्यात घातक त्यांना हिणवणं दिसलं, आणि इथलं बघून मलाही तेच वाटतं. सोलापूरची बोली मुळात रांगडी. ‘काय बोलायलीस बे’ यात इथे प्रेमही असू शकतं, पुण्याच्या माणसाला ते कळणार नाही. म्हणून मी शब्दांकडे फार बघत नाही, तोंडाच्या कोपऱ्याकडे बघते. ‘तुझ्या बापानं काय शिकवलंय ते दिसतंयच’ हे अगदी मऊ आवाजात बोललेलंही वर्षानुवर्षं जात नाही. माहेर, शिक्षण, रंग, पगार, मूल नसणं हे पाच विषय भांडणात हत्यार म्हणून वापरायचे नाहीत, हा करार पहिल्या दिवशी करा.

राग चढला, छाती धडधडायला लागली की बोलणं थांबवा. शरीर निवायला वीसेक मिनिटं तरी लागतात. पण उठताना परत कधी येणार ते सांगा. ‘आता जमत नाही, जेवण झाल्यावर बोलू’ असं म्हणून गेलेला माणूस विश्रांती घेतो. काहीच न बोलता गेलेला अबोला धरतो. आठ-आठ दिवसांचा अबोला मोठ्या भांडणापेक्षा वाईट. मुलांच्या तोंडून निरोप जायला लागले की तर फारच. ‘पप्पांना सांग जेवण झालंय’ म्हणणारं सहा वर्षांचं पोर काय शिकत असेल?

पैसा

इथे थोडक्यात, पण टाळू नका. एका पानावर येणं, जाणं, कर्जं, भिशी, दोन्हीकडच्या आई-वडिलांना द्यायचे पैसे. लपवलेलं सगळं त्यावर यायला हवं. माझ्यासमोर सगळ्यात जास्त वेळा फुटलेलं गुपित म्हणजे न सांगता गहाण टाकलेले दागिने. स्त्रीधन कायद्याने पूर्णपणे बाईचं असतं, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. टाकलं असेल तर तिला बाहेरून कळायच्या आत स्वतः सांगा आणि सोडवायची तारीख द्या.

दोन्ही घरची माणसं

प्रत्येकाने आपापल्या आईशी आपणच बोलायचं. सुनेने सासूला सुनवायचं नाही आणि जावयाने सासऱ्याला धडा शिकवायचा नाही. ‘आई, तिच्या माहेरच्या फोनवर बोलू नको, ते आमचं आम्ही बघू’ हे वाक्य लेकाच्या तोंडून आलं तर घरात दोन दिवस तोंडं फुगतील. सुनेच्या तोंडून आलं तर दोन वर्षं.

माहेरच्या फोनबद्दल सांगितल्यावर बायका माझ्यावर रागावतात, तरी सांगते. आईला भांडण कळतं, समेट कळत नाही. रात्री भांडण झालं की फोन होतो. सकाळी नवऱ्याने चहा करून दिला, तो कुणी फोन करून सांगत नाही. मग आईच्या मनात जावई राक्षसच राहतो, तुम्ही केव्हाच विसरलात तरी. ज्याच्याशी भांडलात त्याच्याशी बोलून मगच आईला फोन करा. पुण्याला नोकरी आणि शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने घरी, अशा नवऱ्यांचंही तेच. आठवडाभराचं गाऱ्हाणं आधी आई सांगते, मग तो बायकोच्या खोलीत जातो तो निकाल घेऊनच. उतरल्यावर पहिला फोन बायकोला करा.

बैठक टाळता येत नसेल तर अशी घ्या. दोन्हीकडून दोन-दोन माणसं, आणि दोघं. सहाच्या वर सातवा नको. लग्नात देण्याघेण्याचं ठरवणारा त्यात नको. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी नाही, सतरंजीवर. आधी ती दोघं बोलतील, मोठे नंतर. लग्नातलं काही काढायचं नाही. शेवटी कागदावर पाच ओळी: कोण काय करणार, कधीपासून. स्टॅम्प पेपर नको, कबुलीजबाब नको, माफीनामा तर मुळीच नको. चारचौघांत माफी लिहून घेतलेला माणूस घरी येऊन त्याचा वचपा काढतो.

परकं माणूस मध्ये आलं असेल तर

सगळेच संसार यातून उठत नाहीत, काही उठतात. उठलेल्यांत तीन गोष्टी मी पाहिल्या: तो संबंध खरोखर थांबला, ‘ऑफिसचं काम असतं’ अशी पळवाट उरली नाही. चुकलेल्याने प्रश्नांना उत्तरं दिली, ‘किती वेळा तेच तेच’ म्हणून झिडकारलं नाही. आणि विश्वास कधी बसेल हे दुखावलेल्या माणसाने ठरवलं. ही गोष्ट दोन्ही घरांत जाहीर करण्याआधी दहादा विचार करा. तुम्ही माफ कराल, नणंद करणार नाही.

तिसरा माणूस हवाच असेल तर तो कोण?

महिना-दीड महिना करूनही गाडं अडलं तर समुपदेशकाकडे जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावा दाखल करण्याआधीही मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. फोन १५१००. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. पोलिसांच्या महिला कक्षातही दोघांना बोलावून समजूत घालतात, पण वर्दीसमोर माणूस ‘हो’ म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो, म्हणून हिंसा नसेल तर तो माझा पहिला पर्याय नाही.

चांगला समुपदेशक ओळखायचा कसा? तो दोघांचं वेगवेगळं आणि एकत्र, दोन्ही ऐकतो. काय गुप्त राहील ते पहिल्या भेटीत सांगतो. ‘बाईच्या जातीनं जरा सोसावं’ म्हणाला तर चहाही न पिता उठा. ‘सोडून दे त्याला’ हे पहिल्याच तासात म्हणाला तरी उठा.

नोटीस आली तर

घाबरू नका. आपल्याकडच्या नोटिसा वाचायला शिकायला हव्यात. पंधरा परिच्छेद समोरच्याची यथेच्छ बदनामी आणि सोळाव्यात ‘तरी आपण नांदावयास यावे’. कुणाला यावंसं वाटेल? ही वकिली भाषा असते, तुमच्या माणसाने त्यातलं निम्मं वाचलेलंही नसतं. वकिलाचा सल्ला घ्या, मुदतीत उत्तर द्या, पण उत्तरात तशीच राळ उडवू नका. आणि नोटिशीनंतरही एकमेकांना फोन करायला कायद्याची बंदी नाही.

कायदा खरं तर तुम्हाला वेळ देतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. लिंगायतांचा उल्लेख त्यात थेट आहे, आणि जैन, बौद्ध, शीखांनाही तो लागू होतो. अपवादात्मक हालअपेष्टा सोडल्या तर लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. संमतीच्या घटस्फोटाला, म्हणजे कलम १३ ब खाली, आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. अर्जानंतर सहा महिन्यांनी पुन्हा न्यायालयात यावं लागतं. २०१७ पासून न्यायालय योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करू शकतं, त्यामुळे तुम्हाला ते हवे असतील तर तसं सांगा. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात तर समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, त्यासाठी तारीखही पुढे देता येते. मध्यस्थीत बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही, तेव्हा तिथे मोकळं बोला. ‘तडजोड करायला गेलो तर केस कमकुवत होईल’ ही भीती घालणारा सल्लागार असेल तर दुसरा बघा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. चिडून नोटरीसमोर फारकत लिहून दिली म्हणजे घटस्फोट झाला असं होत नाही. समाजाची तशी रूढी सिद्ध झाल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलेली माणसं पुढे फार अडकतात.

समोरचं माणूस तयारच नसेल तर

एकट्याने सुरू करा. आपल्या कागदावरची नाही, त्याच्या किंवा तिच्या मनातली एक तक्रार ओळखा आणि न सांगता तीन आठवडे ती दूर करा. बदल दिसला का म्हणून विचारू नका. यातून प्रत्येक वेळी दार उघडतं असं नाही. तीन-चार महिने मनापासून करूनही पलीकडून काहीच हललं नाही, तर वेगळं व्हायचा विचार करणं यात कमीपणा नाही.

परत एकत्र आल्यावर

सगळ्यात कच्चे दिवस हेच. पहिला आठवडा पाहुण्यासारखा जातो, मग जुनी सवय डोकावते. पहिल्या चुकीला ‘बघ, तू बदललाच नाहीस’ म्हणू नका. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी ठरल्या वारी, कागद घेऊन अर्धा तास बसा. काय जमलं, काय नाही, पुढचे पंधरा दिवस काय. घरी कोणताही मोठा कार्यक्रम ठेवू नका, समेटाची पूजा वगैरे तर नकोच, कारण पुन्हा सगळे सतरा जण जेवायला येतील.

ती दोघं तीन महिन्यांनी आली तेव्हा दोन्ही पानं घडी घालून सोबत आणली होती. अर्ध्या तासाचा नियम आठवड्यातून दोनदा तरी मोडतो, असं ती म्हणाली. तो म्हणाला, मोडतो, कारण हल्ली दारातच तीच विचारते, आज किती माग बंद पडले.